कोडोलीची वाट

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला शार्दूल खुर्चीत बसला, बोटं मोडली आणि काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. कोडोली शाखेतले रक्ततपासणीचे रिपोर्ट राजारामपुरीतल्या लॅबच्या कॉम्प्युटरवर धडाधड उतरले. सलग नववी सकाळ.

"कॉम्प्युटरला कोडोलीची वाट दाखवाय लागती, डॉक्टर. मी दाखवून जातोय, मॅडम कायतरी दाबून घालवत्यात." मग लॅबमध्ये काम करणाऱ्या संयोगिताकडं न बघताच तो म्हणाला, "मॅडम, एकदा सांगितलेलं लक्षात ठेवत जावा की. आणि चहा?"

आठ दिवस तिनं त्याला चहा दिला होता आणि आठही दिवस त्याच्या पाठीमागं उभं राहून ती ओळ वाचली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याची ती बोटं मोडणारी ऐट बघितली की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

लॅबचे मालक डॉ. नृसिंह चष्मा पुसत म्हणाले, "संयोगिता, उद्या परत बंद पडलं तर दुसरीकडं काम बघ."

"उद्या कशाला? आत्ताच बघूया की. रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून तुम्ही मेन स्विच पाडता, तसंच करा. मी हितं दारात उभी हाय."

डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद केला, स्विच पाडला, पुन्हा चढवला. पडदा उजळला. कोडोलीची वाट गायब. कीबोर्डला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"व्हायरस असंल," शार्दूल पुटपुटला.

संयोगितानं त्याला हाताच्या खुणेनं उठवलं. त्याचीच ओळ लिहिली, फक्त मध्ये एक बारकी रेघ आणि इंग्रजी पी घातला.

"ही खूण न्हाय घातली तर बंद केल्यावर कॉम्प्युटर वाट विसरतोय. ह्याच पडद्यावर मदत मागितली की सगळं लिहून येतंय. वाचाय पायजे फक्त."

स्विच पुन्हा पडला, पुन्हा चढला. रिपोर्ट आपसूक उतरू लागले. शार्दूलला अचानक भिंतीवरचं कॅलेंडर फार वाचनीय वाटू लागलं.

डॉक्टर खाकरले. माफी मागायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

"बरं झालं. आता तिघांना चहा टाक बघू."

संयोगितानं खुर्ची पुढं ओढली, पहिला रिपोर्ट उघडला.

"शार्दूल सर, पातेलं खालच्या फळीवर, साखर निळ्या डब्यात. एकदा सांगितलंय. लक्षात ठेवा."