रविवारचा हार

नदीवरचा पादचारी पूल मधोमध कोसळला. तो नवा बांधल्यावर काही महिन्यांनी हर्षदच्या कंपनीने कठड्यावर सेन्सरच्या डब्या बसवल्या. वायर नाही, काही नाही, इवल्याशा सोलर पट्टीवर चालणाऱ्या. त्यातली एकच डबी दर सोमवारी मुकी व्हायची, कारण रविवारी कुणीतरी तिला झेंडूचा हार घालून जायचं आणि पट्टी झाकली जायची. शेवटी वैतागून हर्षद स्वतःच रविवारी तिथे जाऊन उभा राहिला.

चर्चमधून परस्पर एक म्हाताऱ्या बाई आल्या. पिशवीतून हार काढून त्यांनी डबीला घातला आणि क्रूसाची खूण केली.

"आंटी, हा क्रॉस नाही, मशीन आहे," हर्षद म्हणाला. "पूल खचायला लागला की हे आम्हाला आधीच कळवतं. तुमच्या हारामुळे त्याला ऊन मिळत नाही आणि ते बंद पडतं."

"क्रॉस इथेच कठड्यावर होता रे. पूल पडला त्यात माझा मुलगा ग्लेनरॉय गेला ना, त्याचा. ही डबी लावायला तुमच्या माणसांनी तो काढला. म्हटलं, जागा तर तीच आहे."

आंटींनीच हार उतरवला, पट्टीवर चिकटलेली पाकळी रुमालाने पुसली आणि डबीकडे बघत राहिल्या.



"ही आधी लावली असती, तर क्रॉस लावायलाच लागला नसता ना रे?"