डिस्कमध्ये जागा नाही

विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षक बाई शेजारच्या टेबलापाशी पोचल्या आणि आमचा डेटाबेस सर्व्हर काही केल्या सुरू होईना! पडद्यावर एकच रड: डिस्कमध्ये जागा नाही.

जागा खाणारी फाइल सापडली आणि मी पुरती अडकले. गॅदरिंगचा व्हिडिओ! मीच हौसेनं ठेवलेला, दुसरी प्रत कुठेच नाही. त्यात मी आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोलले होते. सकाळी तो बघितल्याशिवाय वर्गात तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही.

"उडव ना गं, बये! सगळ्यांची मेहनत वाया जाईल," मैत्रीण शर्वाणी कुजबुजली.

डोळे मिटून उडवला. सर्व्हर घरघरत सुरू झाला.

"माहिती कोण सांगणार?" बाईंनी विचारलं. नेहमीसारखी शर्वाणी सरसावली. मी तिला मागे ओढलं.

"म... मी सांगते."

अडखळले, पण सांगतच सुटले!