पाणी तयार आहे

मासे नसलेल्या काचेच्या टाकीत आमोद रोज सकाळी अमोनियाचे थेंब टाकायचा आणि छोट्या नळीत पाणी घेऊन त्याचा रंग तपासायचा.

"पाहुण्यांचा पत्ता नाही, पाहुणचार मात्र रोज!" आईचा टोमणा ठरलेला.

"आधी पाण्यात जिवाणू वाढावे लागतात गं. नाहीतर आणलेले मासे मरतात."

शेवटी एकदाचा हवा तो रंग आला. दुसऱ्या दिवशीही आला, तरी मंडईजवळच्या दुकानातून मासे आणायचं त्याच्या जिवावर येत होतं. नळी उजेडात धरून तो पुन्हा पुन्हा बघत राहिला.

सातवा महिना लागलेली त्याची बायको अस्मिता शेजारी येऊन उभी राहिली. "अरे, पाणी तयार आहे. आता कशाला घाबरतोस?"

तिच्या पोटाकडे न बघता आमोद म्हणाला, "मागच्या वेळी पाळणासुद्धा तयार होता."