तीन बोटं जागा

या मंडळी, असं लांब लांब बसू नका, जरा पुढं सरका. गोष्ट एका खणाची आहे आणि खणाएवढीच आहे. देवाचं नाव घेतो आणि सांगतो.

कावलाक शहरात अलासानच्या घरी त्याची थोरली बायको यांदे स्वयंपाकाच्या नव्या ओट्यासमोर उभी राहून आपला खण ओढत होती. खण चार बोटं पुढं आला आणि थडकला. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा थडकला. ओटा काटकोनात वळलेला. एक बाजू तिची, दुसरी धाकट्या सेनाबूची. कोपऱ्यालगत सेनाबूच्या खणाला जाडजूड पितळी मूठ होती. यांदेचा खण नेमका त्या मुठीवर आदळत होता.

“बघितलंस?” ती ओटा करणाऱ्या देंबा सुताराला म्हणाली. “मुद्दाम असली मूठ बसवून घेतली तिनं.”

“दोघींच्या मुठी एकाच खोक्यातल्या आहेत गं.”

“तू तिचीच बाजू घेणार. किती पेले चहा पाजला तिनं?”

सेनाबू मासळी आणायला बाजारात गेली होती. यांदेनं सुताराला ही वेळ साधूनच बोलावलं होतं. ओटा बसवल्यापासून अकरा दिवस तिनं सगळं गिळलं होतं. आज मात्र अलासान जेवायला आला की त्याच्या तोंडावर सांगायचं: माझी चूल वेगळी मांडून दे. त्या घरात चूल कधी फुटली नव्हती. आज फुटणार होती.

देंबानं गुडघे टेकले, कोपऱ्यात मान घातली. “तिचा खण उघडून बघितलास?”

यांदे मागं सरली. “सवतीच्या खणाला हात लावू? उद्या तिचा एक चमचा हरवला तर माझं नाव येईल. शिवाय आत काय ताईत-गंडे ठेवलेत कुणाला ठाऊक!”

यांदे सेरेर, देंबा गुरं राखणाऱ्या फुलानींतला. या दोन जमातींत पूर्वापार थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणावं, तोंडाला येईल ते बोलावं; जो रागावेल त्याचीच लाज जाते.

“मालक सांगतोय,” देंबा म्हणाला, “गुलामानं ऐकावं. ओढ.”

“गप रे गुराख्या! गाईच्या शेपट्या मोजणारा तू, तुला लाकडातलं काय कळतंय?” पण तिनं ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं आणि सेनाबूची मूठ ओढली.

खण चार बोटं पुढं आला आणि थडकला. यांदेच्याच मुठीवर.

तिनं वाकून फटीतून पाहिलं. आत काही नव्हतं. रंध्याची एक साल पडली होती, बसवला त्या दिवसापासूनची. सेनाबूचे चमचे खिडकीत टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात उभे होते. तो डबा आल्यागेल्याला दिसावा, थोरलीनं जागा दिली नाही असं वाटावं, म्हणून तिनं तिथं मांडलाय, असंच यांदे इतके दिवस धरून चालली होती.

“अक्का?”

सेनाबू दारात उभी होती. हातातल्या पिशवीतून मासळीचं पाणी गळत होतं.

यांदेनं मुठीवरचा हात काढला नाही. काढला असता तर चोरी ठरली असती. “उघडत नाही गं तुझा,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे. अकरा दिवस झाले.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हीच तसा करवून घेतलाय.”

देंबा उठला. “कोपऱ्यात तीन बोटं जागा मोकळी सोडावी लागते. ती कुणाचीच नसते. मी विचारायला आलो होतो. तू म्हणालीस, तिच्यापेक्षा एक बोट कमी खपवून घेणार नाही. ही म्हणाली, अक्कांपेक्षा एक बोट कमी चालणार नाही. मी दोघींचंही ऐकलं.”

यांदेनं आता मुठीवरचा हात काढला.

“माझ्यातली घे तीन बोटं,” यांदे म्हणाली.

सेनाबूचे डोळे बारीक झाले. “का म्हणून? म्हणजे जन्मभर ऐकवायला मोकळ्या. माझ्यातली घ्या हो.”

“बघितलंस? हिला गावभर सांगायचंय, अक्कांनी माझी जागा खाल्ली.”

“दीड-दीड,” देंबा म्हणाला आणि करवत उचलली. “आणि आता बाहेर व्हा दोघी.”

दोघी दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. दुसरीला एकटीला सुताराजवळ सोडून जायला कुणीच तयार नव्हतं. त्यानं दोन्ही खण दीड-दीड बोट कापून सरकवले, कोपऱ्यात पट्टी उभी ठोकली, तोवर दोघींची नजर त्याच्या टेपावर होती.

दुपारी मासे-भाताच्या एकाच परातीभोवती देंबासकट चौघं बसली. अलासाननं दाराशी पडलेला भुसा पाहिला. “सुतार परत कशाला?”

यांदेच्या जिभेवर वेगळ्या चुलीचं ते वाक्य तयार होतं. समोर सेनाबू माशाचे तुकडे करून एकेकापुढं सारत होती. एक तुकडा यांदेपुढं आला. तिनं बोटानं दाबून काटे चाचपले. काटे नव्हते.

“माप चुकलं त्याचं,” यांदे म्हणाली.

“त्याचंच,” सेनाबू म्हणाली. “अहो, फुलानी सुतार! गाय मोजायला सांगायला हवी होती.”

दोघी हसल्या. एकदम.

“अरे, एवढं साधं माप कळू नये तुला?” अलासान देंबावर कडाडला. “चार लोकांना सांगू तरी कसं तुझं नाव?”

देंबानं भाताचा मोठा घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

“चुकलं, दादा.”

त्या वर्षी त्या गल्लीत त्याला दुसरं काम मिळालं नाही. तेव्हा मंडळी, एवढं करा. आज प्रार्थनेत आपापल्या माणसांची नावं घ्याल, त्यात देंबा सुताराचंही एक असू द्या.