थामोरातली एल्विरा

चौकातल्या बारबाहेरच्या टेबलाशी काही मागवायच्या आतच वेटरने ओलायासमोर कॉफी आणून ठेवली. बिनसाखरेची, वर दुधाचा जेमतेम एक थेंब. ती अगदी तशीच घ्यायची.

“केस कधी कापलेस?” त्याने विचारलं. “आणि पंधरा दिवस होतीस कुठे?”

ओलायाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“अहो, मी या गावात जन्मात पहिल्यांदा आलेय.”

“तुझी फिरकी घ्यायची सवय काही जायची नाही, एल्विरा!” मिशीतल्या मिशीत हसत तो आत गेला.

शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, बेगोन्याला, हसू आवरेना. “बोल आता! माद्रिदमध्ये माझ्यापाशी रडगाणं, मी एकटी, माझं कुणी नाही. आणि इथे बाईसाहेबांचा दुसरा संसार!”

खरं तर यायचं काहीच ठरलं नव्हतं. काल, शुक्रवारी भर दुपारी, ओलायाने एका गिऱ्हाइकाचे केस अर्धवट कापून कात्री खाली ठेवली आणि मैत्रिणीला फोन केला. मला इथे बसवत नाहीये, म्हणाली, दोन दिवस कुठेतरी जाऊ या. सकाळी स्टेशनवरच्या फलकाकडे बघून तिने थामोराचं नाव घेतलं. तिथे काय आहे, असं बेगोन्याने विचारलं, तर तिला सांगता येईना.

तेवढ्यात बारचा म्हातारा मालक पेल्यांचा ट्रे घेऊन बाहेर आला. ओलायाला पाहून तो जागच्या जागी थिजला. ट्रे कलला. पेले एकामागून एक फरशीवर फुटत राहिले, तरी त्याने खाली बघितलं नाही. मग वेटरला दंडाला धरून त्याने आत खेचलं आणि कानाशी काहीतरी पुटपुटला. वेटरच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्याच क्षणी आतून दाराला कडी लागली.

दोघी चौकातून निघाल्या. दुपारच्या झोपेची वेळ. गल्ल्या ओस पडलेल्या, खिडक्यांच्या झडपा बंद. मनोऱ्यावरच्या घरट्यात करकोचे चोची वाजवत होते, तेवढाच आवाज. समोरून काठी टेकत एक म्हातारा आला. ओलाया दिसताच त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. वरच्या सज्जात कपडे वाळत घालणारी बाई ओली चादर तशीच टाकून आत पळाली.

बेगोन्याची थट्टा एव्हाना थांबली होती.

चर्चच्या कोपऱ्यावर ती एकदम ओलायाच्या पुढ्यात आली. “इकडे बघण्यासारखं काही नाही. वळ मागे.”

“बाजूला हो, बेगोन्या.”

“ऐक माझं. सहाची गाडी आहे. आत्ताच्या आत्ता निघू.”

ओलायाने तिला हाताने दूर केलं. दाराशेजारी मृत्यूची सूचना चिकटवली होती. काळी चौकट, वर फोटो. फोटोत ओलाया होती. केस लांब होते एवढंच. बाकी तेच रुंद कपाळ, तेच जाड ओठ, डावी भुवई तशीच जराशी वर चढलेली. खाली नाव होतं एल्विरा. वय एक्कावन्न. शुक्रवारी दुपारी निधन. अंत्यविधी शनिवारी, साडेचार वाजता.

आतून प्रार्थना ऐकू येत होती.

ओलाया स्वतः एक्कावन्न वर्षांची होती. आईवडिलांची एकुलती एक. दोघंही वारलेले. लहानपणी घरात कुणी पाहुणा म्हणाला, पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे, की आई उठून स्वयंपाकघरात निघून जायची. पळून जावं असं तिला फार वाटलं. पण पाय पायऱ्या चढत होते.

दार करकरलं. शेवटच्या बाकावरची माणसं वळली. मग त्यांच्या पुढची, मग त्यांच्याही पुढची. कुणीतरी हुंदका गिळला. पाद्री वाक्याच्या मध्येच थांबला. वेदीसमोर शवपेटी होती, झाकण लावलेली. तिच्याकडे चालत जाताना, आपण आत आहोत की बाहेर, हेच ओलायाला कळेनासं झालं.

पहिल्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. तिने वळून पाहिलं. ती किंचाळली नाही, क्रूसाची खूणही केली नाही. तिने फक्त शेजारची जागा हाताने साफ केली.

ओलाया बसली. “तुम्ही मला ओळखता?”

“एक्कावन्न वर्षं झाली.”

मागून बेगोन्या वाकली. तिला राहवेना. “आजी, हिला तुमच्याकडून चोरलं होतं ना? तेव्हा दवाखान्यातल्या नन बाळंतिणीला खुशाल सांगायच्या, तुझं मूल गेलं. आणि परस्पर दुसऱ्यांना देऊन टाकायच्या. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं.”

“नाही गं बाळा.” म्हातारीचा आवाज कोरडा होता. “मला कुणी फसवलं नाही. घरात पुरुष नव्हता. अंगावर एकीला पुरेल एवढंही दूध नव्हतं. ननने दोघींना माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, यातली कुठली देतेस?”

म्हातारीने ओलायाचा हात हातात घेतला.

“एल्विरा हूं की चूं करत नव्हती. तू मात्र टाहो फोडला होतास. मला वाटलं, ही कुठेही जगेल.”