आकाशातला डाग

"हे आकाश आहे की न वाळलेला चुना?" दा मोक्रानने हातातली काठीच भिंतीवरच्या फोटोंकडे रोखली.

दगडी बाकांवर बसलेली सगळी ताजमात, गावातल्या पुरुषांची सभा, हसली. फेरूजा दाराच्या आत भिंतीला पाठ लावून उभी होती. रागाने तिचे कान तापले. गेल्या महिन्यात ती याच दाराशी आली होती, खाणीची तक्रार घेऊन. डोंगराच्या सोंडेमागे खडी फोडायला लागल्यापासून तिच्या लेकीचा, तानिनाचा खोकला थांबत नव्हता. एवढीशी पोर, अंगणात दोन फेऱ्या मारल्या की धापा टाकायची. पण गावसभेत बाईचं काय काम, म्हणून फेरूजाला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मागाहून निरोप आला: धूळ सोंड ओलांडत नाही, कुणाला डोळ्यांनी दिसली आहे का?

आज बोलणी खायला मात्र तिला आत बोलावलं होतं.

फोटो सभेनेच तिला काढायला सांगितले होते. नव्या खोलीच्या भिंतीसाठी जुर्जुराचा डोंगर, चारही ऋतूंतला, कृष्णधवल. डोंगर सुरेख आला होता, घळ न् घळ दिसत होती. पण काळ्याभोर आकाशात डावीकडे एक फिकट पट्टा होता. संगणकावर तो सारखा करता करता तिचे डोळे दुखायला आले होते. हात लावावा तर कड्याची धारच विरघळायची.

"भिंगापुढच्या काचेने होतं तसं, दा मोक्रान," ती म्हणाली. "आकाश गडद करायला ती लावतात. चित्र रुंद असलं की एकीकडे जास्त काळं होतं, एकीकडे कमी."

"मग काढून टाकायची काच!"

"काढली होती. शेवटचे दोन बिनकाचेचे आहेत."

"म्हणजे हातच वाईट," कॉफीवाला लुनीस म्हणाला. "हिच्या घरी आकाशालासुद्धा खोकला!"

पुन्हा हशा. यांच्या घरात पोरं खोकत नव्हती, की यांना ऐकूच येत नव्हतं?

दा मोक्रान आता रंगात आला. उठून फोटोंपाशी गेला. "हा बर्फातला, सकाळचा. हा उन्हाळ्यातला, संध्याकाळचा. सूर्य इकडचा तिकडे गेला, तुझा डाग जागचा हलला नाही! चार वेळा एकच चूक, पोरी?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, तिथेच थांबलं. काचेचा डाग सूर्याबरोबर सरकतो. हा सरकला नव्हता. रंगीत फोटोत सगळं आकाश निळंच दिसत होतं. कृष्णधवल करताना तिने त्यातला निळा तेवढा काळा केला होता. जे निळं नव्हतं, ते फिकं उरलं होतं.

"बोट ठेवून दाखवा," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाही."

दा मोक्रानला तेच हवं होतं. त्याने पट्ट्यावर बोट टेकवलं. "हा बघा, वर असा पसरलाय. खाली येत येत निमुळता होतो, आणि सुरू होतो इथून..."

बोट सोंडेमागे जाऊन थांबलं.

त्याने घाईने दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. तेही तिथेच उतरलं. तिसऱ्याला त्याने हात लावला नाही. बाकांवर कुणी हसत नव्हतं. लुनीस खाली मान घालून बसला होता.

"बोला ना, दा मोक्रान," फेरूजा म्हणाली, आणि आता तिने आवाज खाली ठेवला नाही. "देऊ का पुसून?"