ओळीच्या शेवटी

आजारपणात वाचा गेलेले बाबा आता हळूहळू बोलू लागले होते आणि त्यांचा शब्द न् शब्द आई कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवायची. “त्यांनी स्वतःहून प्रश्न विचारले असतील, तर पुढचे व्यायाम सुरू करू,” थेरपिस्ट म्हणाली. नुकतीच प्रोग्रामिंग शिकू लागलेली लेक बाह्या सरसावून बसली. तिने सगळ्या फायलींत प्रश्नचिन्ह शोधलं, तर एरर! मजकूर शोधायच्या ‘रेजेक्स’ या सांकेतिक भाषेत त्या चिन्हाचा अर्थच वेगळा. मग ते साधं चिन्ह म्हणूनच शोधलं जावं म्हणून त्याआधी तिरकी रेघ दिली, तर काहीच सापडेना. तिचं तोंडच उतरलं. अन् एकदम ट्यूब पेटली: आई कधी विरामचिन्हं टाकतेच कुठे? तिने ओळीच्या शेवटी येणारा ‘का’ शोधला. स्क्रीन भरून वाहिली: जेवलीस का, जेवलीस का, जेवलीस का. “आई, बाबा विचारतायत! रोज!” “अगं, हा कसला प्रश्न? हे तर लग्न झाल्यापासून विचारतात.”